अजित, अहित आणि ग्वादालाहाराचे बाळ



मागील अंकात बँक-ठेवीवरील नामनिर्देशनासंबंधी लिहिले होते. त्यावर अनेक वाचकांनी दूरध्वनी करून आपापल्या अडचणी सांगितल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ एकच निघाले : कागदांवरील नावे एकमेकांशी जुळत नाहीत. एका कागदावर 'बाबूलाल', दुसऱ्यावर 'बाबुलालजी', तिसऱ्यावर नुसती आद्याक्षरे. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर नाव हा विषय माझ्या दृष्टीने कौतुकाचा असा कधी राहिलाच नाही; तो तपासणीचा विषय झाला. एका विधवा भगिनीला पतीच्या मुदतठेवीची रक्कम केवळ एका वेलांटीपायी चौदा महिने मिळू शकली नव्हती. ती शाखा माझीच होती आणि त्या फाइलवर शेरा मारणारा अधिकारीही मीच होतो. नियमाप्रमाणे शेरा बरोबर होता. तरी त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो.

असो. या वेळी मात्र निराळ्याच नावाविषयी लिहावयाचे आहे. आमच्या कुटुंबात या श्रावणात एक बाळ जन्मास आले आणि त्याच्या नावावरून तीन आठवडे जो काही प्रकार चालला, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या घडणार आहे. आपली मुले आता पुणे-मुंबईवर थांबत नाहीत. अमेरिका झाली, जर्मनी झाली. आता मेक्सिकोही आले.

माझे मावसभाऊ (आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो) कळंबला राहतात. मार्केट यार्डात त्यांची आडत. वय एक्क्याऐंशी, अजूनही सकाळी अभिषेक आटोपून दुकानी जाऊन बसतात. त्यांचा एकुलता मुलगा अजित २०११ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, अपघातात गेला. तेव्हा नातू बारावीत होता. सूनबाईंनी खचून न जाता मुलाला शिकविले, अण्णांनी पुन्हा गल्ल्यावर बसून घर चालविले. तो नातू पुढे संगणक अभियंता झाला आणि गेली तीन वर्षे मेक्सिकोतील ग्वादालाहारा या शहरी एका भारतीय कंपनीत नोकरीस आहे. आपल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये ग्वादालाहारा, केरेतारो, माँतेरेय अशा शहरांत पुष्कळ दिवसांपासून आहेत. बाळंतपणासाठी सूनबाई तिकडे गेल्या. मुलगा झाला. अण्णांनी दुकानी पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी, कोणास न विचारता, नाव जाहीर करून टाकले : अजित.

दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन आला. तो मला आबा म्हणतो.

"आबा, अण्णांना तुम्ही समजावून सांगा. अजित हे नाव इथे ठेवता यायचं नाही."

"का? पप्पांचं नाव नको झालं का तुला?"

यावर तो काही बोलला नाही. नंतर इतकेच म्हणाला की आम्ही दोघांनी 'मातेओ' असे नाव योजले आहे. इथे सर्वांना उच्चारता येते आणि ऐकायलाही गोड आहे.

ही वार्ता अण्णांच्या कानी गेली आणि ते गप्प झाले. अण्णा रागावले की बोलतात. दुखावले की बोलत नाहीत. व्हिडिओ कॉलच्या वेळी ते उठून आत जाऊ लागले. वहिनी एकट्याच फोन धरून बाळाला पाहत बसत. दशलक्षण पर्व तोंडावर आलेले आणि घरात असा अबोला.

मी तेव्हा अण्णांच्याच बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे. 'मातेओ' म्हणजे बायबलातील संत मॅथ्यू. हा गृहस्थ मूळचा करवसुली करणारा, आणि ख्रिस्ती परंपरेत तो सराफ व बँकवाल्यांचा पाठीराखा संत मानला जातो. हे कळल्यावर निवृत्त बँक अधिकारी या नात्याने मला थोडे हसू आले. परंतु एका जैन आडत्याच्या पणतवाने त्याचे नाव का धारण करावे, हे काही उमगेना. मेक्सिकोत हल्ली 'सान्तियागो' आणि 'मातेओ' ही मुलांची अत्यंत लोकप्रिय नावे आहेत. म्हणजे आपल्याकडे एका वर्गात चार आरव निघतात, तशातलाच प्रकार.

मग मी त्या देशातील नावांविषयी वाचावयास बसलो. निवृत्तीनंतर वेळ आहे, आणि सवय अशी की ज्या खात्याचे कागद पाहिले नाहीत त्यावर मत द्यावयाचे नाही.

मेक्सिको हा स्पॅनिश बोलणारा, बहुतांश कॅथलिक देश. ज्या दिवशी मूल जन्मले त्या दिवसाच्या संताचे नाव ठेवावयाची तिथे जुनी चाल. आपण जन्माक्षर काढतो, तसे ते दिनदर्शिका पाहत. 'ग्वादालुपे' हे तेथील मातेचे नाव मुलींना आणि मुलांनाही ठेवतात. 'होसे मारिया' हे नाव पुरुषाचे असते. याशिवाय स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या भाषांतील नावेही टिकून आहेत. 'सोचित्ल' म्हणजे फूल, 'सित्लाली' म्हणजे तारा. 'क्वाउतेमोक' हा अॅझ्टेकांचा शेवटचा राजा. त्याच्या नावाचा अर्थ झेप घेऊन उतरणारा गरुड. जन्माची नोंद पूर्वी चर्चमध्ये होई. ती सरकारी दप्तरात आणण्याचा कायदा १८५९ साली बेनितो हुआरेस यांच्या राजवटीत झाला. हे मूळ रहिवासी सापोतेक जमातीतले, गरीब घरातले, आणि राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचलेले. त्यांची कीर्ती एवढी पसरली की इटलीतील एका समाजवादी लोहाराने आपल्या मुलाला त्यांचेच नाव ठेविले : बेनितो मुसोलिनी. थोरांचे नाव ठेवल्याने थोरपण येतेच असे नाही.

मराठी माणसाने मेक्सिकोत अपत्याचे नाव ठेवण्याचा प्रसंग हा काही पहिला नव्हे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतील क्रांतिकारक, १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या जगद्विख्यात चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. वीणा गवाणकर यांनी त्यांचे 'नाही चिरा, नाही पणती' हे चरित्र लिहिले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन युवतीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. इंग्रज सरकारने ज्याला मायदेशी पाऊल ठेवू दिले नव्हते, अशा माणसाने परक्या भूमीवर, परदेशी पत्नीच्या पोटी जन्मलेल्या मुलींची नावे काय ठेवावीत? सावित्री आणि माया. सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले. 'माया' या नावाची गंमत अशी की, ते आपलेही आहे आणि मेक्सिकोचेही. दक्षिण मेक्सिकोत व ग्वातेमालात मंदिरे बांधणाऱ्या प्राचीन समाजाचे नाव तेच आहे. खानखोज्यांच्या मनात हे दोन्ही होते की नाही, सांगता येत नाही. पण त्या मुलीला दोन्हीकडे कोणी नाव पुन्हा विचारले नसणार.

हे मी नातवाला फोनवर सांगितले. त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ, आपल्याकडे रात्रीचे आठ. "खानखोज्यांना जे जमलं ते तुला का जमू नये? सरळ अजित ठेव."

तेव्हा तो म्हणाला, "आबा, माझ्या गावाचं नाव काय?"

"ग्वादालाहारा."

"अण्णा काय म्हणतात?"

अण्णा 'गुआडालाजारा' म्हणतात. पत्त्यावर इंग्रजी लिपीत तसेच दिसते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्पॅनिश भाषेत जे हे अक्षर 'ह' असे वाचतात. म्हणजे पाटीवर अजित लिहिले तर ते वाचणार काय?

अहित.

"माझ्या सगळ्या कागदांवर मधलं नाव पप्पांचं आहे," तो सांगू लागला. "बँकेत, दवाखान्यात, घरभाड्याच्या कचेरीत माणूस माझं पूर्ण नाव मोठ्यानं वाचतो. तीन वर्षं मी पप्पांचं नाव 'अहित' असं ऐकतोय. त्यांना त्याचा अर्थ माहीत नाही, मला आहे. आता शाळेत रोज हजेरीला माझ्या मुलाला तसं बोलावतील. हे अण्णांना कसं सांगू?"

तीर्थंकरांमध्ये दुसरे अजितनाथ. ज्याला कोणी जिंकू शकत नाही तो अजित. समुद्र ओलांडताना एका अक्षराने त्याचे 'अहित' व्हावे, यावर हसावे की रडावे ते कळेना. मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोललो नाही. त्याला 'पप्पांचं नाव नको झालं का' असे मी विचारले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एक उद्योग केला. चोवीसही तीर्थंकरांची नावे एकामागून एक स्पॅनिश तोंडातून काढून पाहिली. त्यासाठी नातवाने कार्यालयातील एका मेक्सिकन सहकाऱ्याला समोर बसविले आणि प्रत्येक नाव कागदावर लिहून वाचावयास दिले. निकाल सांगतो. स्पॅनिशमध्ये 'ह'चे इंग्रजी अक्षर मुके असते, म्हणून महावीर 'मा-आबीर' झाले. 'व'चा 'ब' होतो, म्हणून वर्धमान 'बार्दामान' आणि विमल 'बिमाल'. दोन एल जोडून आले की त्यांचा 'य'कडे झुकणारा उच्चार होतो, म्हणून मल्ली 'मायी' ऐकू आले. पार्श्व आणि सुपार्श्व यांच्यापुढे त्या बिचाऱ्याने हात टेकले. वासुपूज्य तर त्याने वाचण्याचाच प्रयत्न केला नाही. सुमती, अनंत, नमी, नेमी ही नावे जशीच्या तशी उतरली. आणि शांती. त्यावर तो सहकारी एकदम म्हणाला, "सान्ती!" सान्तियागो या नावाचे घरगुती, लाडाचे रूप तेथे 'सान्ती' असे आहे. प्रत्येक गल्लीत एखादा सान्ती असतोच.

ओघात आणखी काही शब्दांचा छडा लागला, तोही सांगून टाकतो, कारण पुढेमागे कोणाच्या तरी कामी येईल. 'माला' या शब्दाचा स्पॅनिश अर्थ वाईट. 'लता' म्हणजे पत्र्याचा डबा. 'तारा' म्हणजे बारदानाचे वजन. हे आडत्यांच्या ध्यानात राहील. 'मीरा' म्हणजे बघ. 'अमर' म्हणजे प्रेम करणे. आणि 'पूजा' हे नाव आपण इंग्रजीत जसे लिहितो तसेच लिहिले, तर त्याचा तेथील उच्चार 'पुहा' आणि अर्थ लिलावातील बोली! आपल्या मंदिरांत पूजेच्या मानासाठी बोली लागते, हे मी त्या सहकाऱ्याला नातवाकरवी सांगितले. त्याला ते पटले की नाही, कोण जाणे. तो मात्र फार हसला.

परक्या तोंडी नावे बदलणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील कापड भडोचच्या बंदरातून रोमन जगात जात असे आणि त्या ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस'मध्ये भरुकच्छाचे 'बारिगाझा' करून टाकले. तगर मात्र त्याने बहुतेक शाबूत ठेविले. मालाबरोबर नाव प्रवास करते, आणि वाटेत थोडे घासते. खुद्द आपल्या जिल्ह्याचे पाहा. माझ्या, नातवाच्या आणि त्याच्या वडिलांच्याही जन्मनोंदीत उस्मानाबाद आहे, हैदराबादच्या सातव्या निजामाच्या नावावरून पडलेले. २०२३ पासून कागदोपत्री धाराशिव झाले. गावाबाहेरची धाराशिव लेणी, पार्श्वनाथांची ती भव्य मूर्ती आणि करकंडू राजाची कथा जुन्याच नावाने चालत आली होती. मेक्सिकोतील नोंदणी कचेरीत बाळाच्या वडिलांचे जन्मस्थान विचारले, तेव्हा नातवाने उस्मानाबाद सांगितले, कारण पारपत्रावर तेच आहे. अण्णा म्हणाले, "धाराशिव सांगायचं." मी म्हणालो, "पारपत्रावर जे आहे तेच." इथे बँकवाला जिंकला.

आता नोंदणीचा मुद्दा. आपल्याकडे जन्माची वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते; परंतु त्या वेळी नाव ठरलेच पाहिजे असे नाही. नाव मागाहून घालता येते, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व त्यापुढे विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तिकडे नाव सांगितल्याशिवाय नोंदच होत नाही. शिवाय त्या देशात एक रीत आहे, जी आपल्या वाचक-भगिनींना आवडेल. प्रत्येकाला दोन आडनावे असतात : पहिले वडिलांचे, दुसरे आईच्या माहेरचे. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. आपल्या महाराष्ट्राने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरविला, तेव्हा केवढी चर्चा झाली होती! तिकडे हे पिढ्यान्पिढ्या चालले आहे. नातसुनेचे पारपत्र विवाहापूर्वीचे, माहेरच्या नावाचे. त्यामुळे बाळाच्या नोंदीत दोन्ही घराण्यांची आडनावे येणार होती. बार्शीच्या आमच्या व्याह्यांना हे कळताच त्यांनी कळंबला पेढ्यांचा डबा पाठविला. अण्णांनी तो उघडला नाही.

नोंद झाली की बाळाला 'कुर्प' नावाचा अठरा चिन्हांचा क्रमांक मिळतो. आपला पॅन दहा चिन्हांचा, त्यात पाचवे अक्षर आडनावाचे. कुर्पमध्ये वडिलांच्या आडनावाचे पहिले अक्षर व त्यातील पहिला स्वर, मग आईच्या आडनावाचे अक्षर, मग नावाचे. पुढे जन्मतारीख, लिंग, राज्य आणि आणखी काही अक्षरे. या पहिल्या चार अक्षरांचा चुकून एखादा अभद्र शब्द होत असेल तर त्यातले एक अक्षर बदलून एक्स घालतात. हा नियम ज्याने केला, त्या अज्ञात अधिकाऱ्याला माझा नमस्कार. तेथील सोनोरा राज्याने तर २०१४ साली मुलांची चेष्टा होऊ नये म्हणून एकसष्ट नावांवर बंदीच घातली. तीत 'फेसबुक' आणि 'रोबोकॉप' ही नावे होती. म्हणजे कोणी ना कोणी ती ठेविली असणार.

वडीलमंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. मेक्सिकोच्या भूमीवर जन्मलेले मूल त्या देशाच्या घटनेनुसार तेथील नागरिक ठरते. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. भारतीय आईवडिलांना मुलाचे भारतीयत्व हवे असेल तर एक वर्षाच्या आत आपल्या दूतावासात जन्माची नोंद करावी लागते आणि बाळाजवळ अन्य देशाचे पारपत्र नाही असे लिहून द्यावे लागते. त्या नोंदीत नाव तिकडच्या दाखल्याप्रमाणेच जाते. म्हणजे ग्वादालाहारातील कारकून जी अक्षरे टंकित करील, तीच अक्षरे उद्या त्या मुलाच्या पारपत्रावर, पॅनवर, ठेवीच्या पावतीवर येणार. माझी झोप उडण्यास एवढे पुरेसे होते.

इकडे अण्णांचा अबोला चालूच होता. मी कळंबला गेलो. यार्डात सोयाबीनच्या पोत्यांजवळ खुर्ची टाकून बसलो आणि 'अहित'ची गोष्ट सांगितली. अण्णांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "त्यानं मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"न सांगितल्यानं चांगलं वाटलं का?"

वातावरण हलके करावे म्हणून मी आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातील नामकर्म-क्रियेचा विषय काढला. जन्मानंतर बारा दिवस उलटल्यावर नाव ठेवावे. जिनेंद्राची एक हजार आठ नावे पत्रांवर लिहून घटात घालावीत आणि त्यातून एक काढावे, असा घटपत्र-विधी तेथे सांगितला आहे. मला तो नेहमी फार शहाणपणाचा वाटत आला आहे. आजोबाही नाराज नाहीत, सासरही नाही. मी म्हटले, "जी पाच नावं नीट उतरली ती चिठ्ठ्यांवर लिहू, वहिनींच्या हातानं एक काढू."

अण्णा म्हणाले, "पणतवाचं नाव काय बोळ्या टाकून काढायचं? भिशी आहे का ती?"

विधी तिथेच संपला. उठता उठता वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे आपसांत भांडताय. तिला विचारलं का कुणी?"

तिला म्हणजे सूनबाईंना. खरोखरच विचारले नव्हते. अजित अण्णांचा मुलगा होता, नातवाचा बाप होता. तिचा तो कोण होता याचा आम्हा कोणालाच आठव राहिला नव्हता. तीन आठवडे ती त्या घरी पाळण्याशेजारी बसून दोन्ही बाजूंचे फोन ऐकत होती.

त्या रात्री मी फोन लावला. ती आधी 'तुम्ही मोठे जे ठरवाल ते' असे म्हणाली. मी पुन्हा विचारले. मग म्हणाली, "मामंजींना सांगा, रागावू नका. चौदा वर्षं मी ते नाव मोठ्यानं घेतलेलं नाही. घरात लहान मूल त्या नावाचं असलं की त्याला रागवावं लागतं, हाका माराव्या लागतात, 'अजित, तोंडातून काढ ते' म्हणावं लागतं. मला नाही जमणार. आणि इथली माणसं ते जसं म्हणतात, तसं तर मला ऐकवतच नाही." थोडे थांबून ती म्हणाली, "दरवर्षी आम्ही दोघं कुंथलगिरीला जायचो. शांतिसागर महाराजांच्या समाधीपाशी ते बराच वेळ बसून राहायचे. शांती ठेवा. इथले लोक सान्ती म्हणतील. म्हणू देत. वाईट काही म्हणत नाहीत ना."

कुंथलगिरी आपल्याच जिल्ह्यातील, भूम तालुक्यातील सिद्धक्षेत्र; १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना घेऊन देह ठेविला. आपल्या वाचकांना ते सांगावयास नको. परंतु सातासमुद्रापलीकडे एका पाळण्याशेजारी ते नाव निघाले, तेव्हा मला पुढे काही विचारवेना.

अण्णांना मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "बरं." वहिनी म्हणाल्या की त्या रात्री ते जेवले नीट.

तरीही एक सल राहिलाच होता, आणि तो नातवाच्याही मनात होता. तिकडे दोन नावे ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. दुसरे नाव कागदावर असते, बोलण्यात येत नाही. त्याने सुचविले, पहिले नाव शांती आणि दुसरे अजित ठेवू. ते कोणी मोठ्याने वाचणार नाही. मोठ्या हौसेने त्याने मला विचारले, आणि मी मोडता घातला. हे मूल उद्या भारतात आले की 'शांती अजित' हे वाचणारा प्रत्येक कारकून अजित हे वडिलांचे नाव समजणार. शाळेत, बँकेत, वारसा-दाखल्यात प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र. ती वेलांटीवाली भगिनी माझ्या डोळ्यांपुढे होती. मुलगा हिरमुसला. मी योग्य केले असे मला आजही वाटते, पण तसे करताना बरे वाटले नाही.

नोंदणीच्या दिवशी तो कचेरीतून फोनवर होता. अर्ज भरताना एकेक रकाना मला वाचून दाखवीत होता, अर्थ सांगत होता. बाळाचे नाव. वडील. आई. आणि मग तो थांबला. मेक्सिकोच्या नागरी संहितेप्रमाणे जन्मनोंदीत आजी-आजोबांचीही नावे घेतात, पितृकुलाची आणि मातृकुलाची. मला हे ठाऊक नव्हते. आपल्या दाखल्यात तसा रकाना नाही.

"आबा, पप्पांचं नाव विचारताहेत."

मी अण्णांना दुसऱ्या फोनवर घेतले. नातवाने रकाना पुन्हा वाचून दाखविला : पितामहाचे नाव. अण्णा क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "स्पेलिंग काय लिहितोयस?"

"जे घालू की बदलू, अण्णा? वाय घातला तर जवळपास बरोबर वाचतील."

"पारपत्रावर काय आहे तुझ्या?"

"जे."

"मग जेच राहू दे," अण्णा म्हणाले. "वाचायचं कुठंय ते. लिहायचं आहे."